आवृत्तिक्रमांकाचा करारनामा

करी रोड स्थानकाच्या फलाटावरून जी तांब्याची तार लोहमार्गावर अधांतरी टांगलेली दिसते, तिच्यातून जवळजवळ नव्वद वर्षे पंधराशे व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत्प्रवाह वाहत होता. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली, आणि त्यानंतर थोड्याच काळात भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ हा मुख्य मार्गही त्याच दाबाच्या विजेवर आला. पुढे जून २०१५ मध्ये या पट्ट्यातील प्रवाह बदलून तेथे पंचवीस हजार व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडण्यात आला. दाब सोळा पटींहून अधिक वाढला, प्रवाहाची जातही बदलली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी लालबाग-परळचा चाकरमानी नेहमीच्या डब्यात नेहमीच्या दारापाशी उभा राहून कामावर गेला. याचे कारण असे की, ज्या दिवशी प्रवाह बदलावयाचा त्याच्या कित्येक वर्षे आधी, म्हणजे २००७ पासून, दोन्ही प्रकारच्या विजेवर धावू शकतील असे रेक मार्गावर आणून ठेवण्याची तजवीज झाली होती. आणि जे जुने रेक केवळ जुन्या विजेवर चालत, त्यांना हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ पर्यंत मुदत मिळाली होती.

सेवा पुरविणारा एक आणि तिच्यावर विसंबून असणारे अनेक, अशी जेथे जेथे रचना असते, तेथे तेथे हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा राहतो: पुरविणाऱ्याने आपल्या पद्धतीत बदल केला, तर विसंबून असणाऱ्यांना ते कसे कळावे, आणि ज्यांना बदलणे शक्य नाही त्यांची सोय कोणी पाहावी? संगणकाच्या जगात या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा आकड्यावर सोपविलेले आहे, आणि त्या आकड्याची व्यवस्था समजून घेणे हे या प्रकरणाचे प्रयोजन होय.

संगणकावर चालणाऱ्या कार्यक्रमांना पुष्कळशी कामे समान असतात. अक्षरे जुळवून ओळ मांडणे, शब्द वर्णानुक्रमे लावणे, तारीख त्या त्या भाषेच्या रीतीने लिहिणे, मजकूर आवळून साठविणे, ही कामे पत्रलेखनाच्या कार्यक्रमासही लागतात आणि आंतरजालावरील पाने दाखविणाऱ्या ब्राउझरलाही लागतात. प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे लिहीत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ती एका ठिकाणी ठेवावीत, आणि ज्याला हवी त्याने ती कार्यक्रम चालू होण्याच्या वेळी तेथून उचलावीत, या कल्पनेला सामाईक लायब्ररी असे म्हणतात. तिच्यामुळे जागा वाचते, स्मरणातील भार कमी होतो, आणि एखादा दोष आढळला तर एका ठिकाणी दुरुस्ती केली असता ती सर्वांना एकदमच लाभते. परंतु जो गुण तोच येथे धोकाही आहे, कारण एका ठिकाणी झालेली चूकही सर्वांना एकदमच भोवते.

हा धोका ओळखूनच फायलीच्या नावात आकडे घालण्याचा शिरस्ता पडला. सन कंपनीच्या सनओएस या प्रणालीने १९८८ मध्ये आपल्या ४.० आवृत्तीत सामाईक लायब्रऱ्या आणल्या, तेव्हाच फायलीच्या नावापुढे एक मोठा व एक लहान असे दोन आकडे लिहिण्याची पद्धत तिने घातली. पुढे युनिक्सच्या घराण्यात आणि लिनक्समध्ये ती अधिक काटेकोर होत गेली. आज लिनक्सवर एकाच लायब्ररीची तीन नावे एकापाठोपाठ नांदताना दिसतात. पहिल्या नावात आकडाच नसतो, आणि ते नवा कार्यक्रम बांधणाऱ्याच्या उपयोगाचे. दुसऱ्या नावात एकच आकडा असतो, त्याला एसओनेम म्हणतात, आणि बांधलेल्या कार्यक्रमाच्या पोटात तेच नाव कायमचे कोरले जाते. तिसऱ्या नावात सविस्तर क्रमांक असतो, आणि तीच खरी फाईल. कार्यक्रम चालू होताना डायनॅमिक लिंकर नावाचा कारभारी त्याच्या पोटातील दुसरे नाव वाचतो आणि त्या नावाची लायब्ररी शोधून आणतो. सविस्तर क्रमांक कितीही पुढे गेला तरी हरकत नाही. दुसऱ्या नावातील आकडा मात्र हलला की जुन्या कार्यक्रमास आपली लायब्ररी सापडत नाही, आणि तो चालण्याचे नाकारतो. हे नाकारणे हीच या व्यवस्थेची सुरक्षा आहे, कारण विसंगत लायब्ररीवर चालून चुकीचे काम करण्यापेक्षा आरंभीच थांबणे केव्हाही श्रेयस्कर.

मनुष्यांनी वाचावयाच्या क्रमांकाची रीत याहून निराळी आहे. गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तिचा एक मसुदा तयार केला, आणि त्याची २.० ही आवृत्ती २०१३ पासून पुष्कळ ठिकाणी प्रमाण मानली जाते. तिच्यात बिंदूंनी विभागलेले तीन आकडे असतात. केवळ दोष दुरुस्त केला असेल तर तिसरा आकडा वाढवावा. जुन्यास धक्का न लावता नवी सोय वाढविली असेल तर दुसरा. आणि जुन्यावर विसंबणाऱ्याचे काम अडेल असा बदल केला असेल तर पहिला. पहिला आकडा शून्य असेपर्यंत कोणतेही वचन दिलेले नाही असे समजावे. आवृत्तीचा आकडा म्हणजे प्रगतीचे मोजमाप, असा जो सर्वसाधारण समज आहे तो या नियमांपुढे टिकत नाही. क्रमांक पुढे जाणारा माणूस लिहितो, पण लिहितो तो मागे राहणाऱ्यासाठी. ज्याचे यंत्र जुने आहे, ज्याचा कार्यक्रम बांधणारा केव्हाच नोकरी सोडून गेला आहे, ज्याच्या कचेरीत नव्या खरेदीची मंजुरी वर्षभर अडून राहते, त्याला एका दृष्टिक्षेपात कळावे की या बदलाने आपले काम अडणार आहे की नाही. क्रमांकव्यवस्थेचे मूल्यमापन याच कसोटीवर करावे असे माझे मत आहे, आणि ते मत बनण्यास आपली मराठी लिपीच कारण झाली आहे.

मराठीचा कोणताही शब्द पडद्यावर उमटण्यापूर्वी हार्फबझ नावाच्या एका सामाईक लायब्ररीच्या हातून जाण्याचा संभव फार मोठा आहे. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने ती घडविली. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड फोन हे सर्व तिच्यावर अवलंबून आहेत, आणि लिबरऑफिसने २०१७ च्या आरंभी आपल्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर तिचाच स्वीकार केला. तिचे काम अक्षरजुळणीचे. साठवणीत ‘कि’ या अक्षरातील क आधी असतो व वेलांटी नंतर. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. ‘र्य’ मधला र साठवणीत य च्या आधी येतो, आणि कागदावर तो रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. ही सर्व हलवाहलव लायब्ररी करते, आणि मग फाँटमधून योग्य आकृती मागवून घेते.

आता ‘दुसऱ्या’ हा अगदी रोजच्या वापरातला शब्द घ्या. यातला र रफार होत नाही. तो य च्या डाव्या अंगास लहानशा आडव्या वळणाने चिकटतो. हा भेद आपल्याला सोडता येत नाही, कारण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, आणि ज्या सभेत आचार्यांचा सत्कार व्हावयाचा तेथे आचाऱ्यांचा झाला तर अनर्थ ओढवेल. हिंदी वा संस्कृतास या आकृतीची गरज नाही. मराठीस आहे, आणि नेपाळातील नेवारीस आहे. युनिकोड, म्हणजे लिपींतील अक्षरांना संकेत ठरवून देणारे मानक, त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली. ही आकृती लिहिण्याचे दोन मार्ग त्या मानकात मान्य झाले आहेत. एका मार्गाने र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह लिहावयाचे. दुसऱ्या मार्गाने खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पहिल्या मार्गाने ‘दुसऱ्या’ हा शब्द आठ संकेतांचा होतो, दुसऱ्या मार्गाने सातांचा. दृष्टीला दोन्ही एकच. मला विशेष वाटते ते असे की, मानकाच्या देवनागरीविषयक नियमांत पहिल्या मार्गाचा नियम देताना तो मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवला आहे, असे कारण स्पष्टपणे नोंदविलेले आहे. ती दुसरी आवृत्ती १९९६ सालची. म्हणजे त्या वर्षी कोणी मराठी माणसाने पहिल्या रीतीने एखादे पत्र लिहून ठेवले असेल, तर ते आजही आणि यापुढेही तसेच उमटले पाहिजे, असा हक्क त्या नियमाने त्याला दिला आहे. आणि हार्फबझसारख्या लायब्ररीस दोन्ही मार्ग निरंतर सांभाळावे लागतात.

करी रोड स्थानकातून बाहेर पडून महादेव पालव मार्गाने लालबागच्या दिशेस चालू लागले की गल्लीबोळांत लहान छापखाने व डीटीपीची दुकाने लागतात. गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके, वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, बाराव्याची पत्रे, हा त्यांचा व्यवसाय. अशाच एका दुकानात मी एका मंडळाचा अहवाल जुळविला जात असताना पाहिला आहे. मंडळाच्या तरुण चिटणिसाने मजकूर आपल्या फोनवर लिहून पाठविला होता; दुकानातला संगणक विंडोज एक्सपीचा होता, आणि तो अद्याप ठेवण्याचे कारण म्हणजे वर्षानुवर्षांच्या पत्रिकांचे साचे ज्या पेजमेकरमध्ये व ज्या जुन्या फाँटांत होते ते तेथेच नीट चालत. मजकूर उघडला तेव्हा सारे अक्षर शुद्ध उमटले. फक्त ‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दाच्या आरंभी आणि कायदेविषयक सल्लागारांच्या नावामागील ‘ॲड.’ या उपाधीच्या जागी एकेक रिकामी चौकट आली. जुळारीने क्षणभरही न थांबता त्या चौकटी पुसून तेथे आधी अ आणि मग त्यावर चंद्र असे दोन संकेत टंकले, आणि काम पुढे गेले.

त्या चौकटीचे कारण आवृत्तिक्रमांकात सापडते. अ वर चंद्र असलेले हे अक्षर युनिकोडमध्ये मुळात नव्हते. मराठीकरिता ते स्वतंत्र अक्षर म्हणून एप्रिल २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत दाखल झाले. पुढल्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे स्वरूप ठरवून दिले, आणि त्यात या स्वरास त्याचे स्थान मिळाले. विंडोज एक्सपी मात्र २००१ सालची. जे अक्षर सात वर्षांनी जन्मास यावयाचे, त्याची आकृती तिच्या फाँटात कोठून असणार? जुन्या यंत्राने येथे आपल्या ठायी असलेल्या ज्ञानाप्रमाणे प्रामाणिक वर्तन केले: जे ठाऊक नाही ते चौकट काढून दाखविले, आणि बाकीचा मजकूर जसाच्या तसा ठेवला. नव्या आवृत्तीने जुन्यात केवळ भर घालावी, जुने काही हलवू नये, या नियमाचे हे फळ आहे.

हा नियम युनिकोडला अनुभवाची किंमत देऊन शिकावा लागला. १९९६ च्या त्याच दुसऱ्या आवृत्तीत कोरियाच्या हंगूल लिपीतील अक्षरांची जागा बदलून ती नव्या ठिकाणी ११,१७२ च्या संख्येने मांडण्यात आली, आणि जुन्या जागांच्या भरवशावर लिहिलेला मजकूर एकाएकी परका झाला. त्या प्रसंगानंतर, एकदा दिलेली जागा पुन्हा कधी बदलावयाची नाही व एकदा दाखल केलेले अक्षर कधी काढून टाकावयाचे नाही, असे धोरण ठरले, आणि त्यास आजतागायत बाध आलेला नाही. त्यामुळे युनिकोडचा पहिला आकडा आता जवळजवळ दरवर्षी वाढत असला, तरी तो मोडतोडीची सूचना देत नाही. तो केवळ बारनिशीत नव्या नोंदी झाल्याचे सांगतो. एकाच आकाराचे तीन आकडे निरनिराळ्या संस्थांच्या हाती किती निराळा अर्थ धारण करतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक्स या अक्षरजुळणीच्या कार्यक्रमाचा क्रमांक तर प्रत्येक दुरुस्तीनंतर π या संख्येच्या अधिकाधिक जवळ जातो, आणि २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ येथे पोहोचला. त्याचा अर्थ असा की, यात नवे काही येणार नाही, केवळ दोष घटत जातील.

नव्या अक्षराची वाट न पाहता आडवाटेने जाण्याचे काय परिणाम होतात, याचे उदाहरण रुपयाच्या चिन्हाने घालून दिले. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संशोधन करणारे डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ते चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी मान्य केले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत ते दाखलही झाले. तीन महिन्यांत हे घडले, ही गती असाधारण होय. परंतु तेवढाही धीर नसलेल्यांसाठी मंगळूरच्या एका कंपनीने एक फाँट काढला, ज्यात इंग्रजी कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातील तिरक्या स्वराघाताच्या खुणेच्या जागी रुपयाची आकृती बसविली होती. ज्याच्यापाशी तो फाँट असे त्याला रुपया दिसे. ज्याच्यापाशी नसे त्याला किमतीपुढे एक निरर्थक तिरकी खूण दिसे, आणि यंत्राच्या दृष्टीने तर ती खूणच खरी होती. पुढे कित्येक वर्षे छापील जाहिरातींत व दरपत्रकांत ती खूण रुपयाच्या जागी छापली गेली. चौकट निदान सांगते की येथे काही आहे जे मला ठाऊक नाही. ही खूण काहीच सांगत नाही. आमच्या डीटीपीच्या दुकानांतले जुने मराठी फाँटही याच जातीचे होते. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या मर्जीने बसविले, त्या मांडणीला कोणताही सर्वमान्य क्रमांक नव्हता, आणि त्यामुळे १९९० च्या दशकातले कितीतरी मराठी ग्रंथ, स्मरणिका व दिवाळी अंक संगणकावर जपलेले असूनही आज योग्य फाँटावाचून केवळ इंग्रजी चिन्हांचा ढीग म्हणून उघडतात. या हानीची गणना कोणी केलेली नाही. ती मोठी आहे एवढे मात्र कोणताही जुना मुद्रक सांगेल.

लायब्रऱ्यांकडे परत वळू. मराठीच्या सेवेत असलेल्या दोन मोठ्या लायब्रऱ्यांनी क्रमांकाविषयी परस्परविरुद्ध धोरणे पत्करली आहेत, आणि त्यांची तुलना फार बोधप्रद आहे. आयसीयू ही पहिली. मराठी शब्दांचा वर्णानुक्रम लावणे, महिन्यांची नावे व अंकांची मांडणी पुरविणे, युनिकोडच्या प्रत्येक अक्षराचे गुणधर्म सांगणे, हे तिचे काम. २०१२ पर्यंत तिचे क्रमांक ४.८ अशा थाटाचे होते. त्या वर्षी मधला बिंदू गाळून तिने एकदम ४९ हा क्रमांक घेतला. वर्षातून दोनदा तिची नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक वेळी एसओनेममधील आकडा बदलतो. इतकेच काय, आतील प्रत्येक कार्याच्या, म्हणजे फंक्शनच्या, नावाच्या शेवटीही तो आकडा चिकटविलेला असतो. परिणामी प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तिच्यावर अवलंबून असलेला एकेक कार्यक्रम पुन्हा बांधावा लागतो, आणि डेबियनसारख्या प्रणालीचे सांभाळकर्ते त्यासाठी स्वतंत्र मोहीम आखतात. या पद्धतीत फसगत होण्यास जागा नाही, कारण विसंगत जोडणी होऊच शकत नाही. पण तिचा भार सर्वस्वी विसंबणाऱ्यावर पडतो.

हार्फबझने याच्या अगदी उलट मार्ग धरला. तिचा जाहीर क्रमांक २०१५ मध्ये १.० झाला, २०१८ मध्ये २.०, २०२१ मध्ये ३.०, आणि २०२४ मध्ये तो दहावर गेला. परंतु एसओनेममधील आकडा आरंभी शून्य होता आणि दहाव्या आवृत्तीतही शून्यच राहिला. डेबियनच्या अकराव्या आवृत्तीत हार्फबझ २.७.४ आहे, आणि त्या फाईलचे सविस्तर नाव ‘लिबहार्फबझ.एसओ.०.२०७०४.०’ या अर्थाचे: आरंभीचे शून्य यंत्राला दिलेले वचन, आणि मधल्या आकड्यात २, ७ व ४ हे तीन अंक ओवलेले. जाहीर क्रमांकाने जगास सांगावे की पुष्कळ नवे आले आहे, आणि आतील शून्याने जुन्या कार्यक्रमास सांगावे की तुझ्यासाठी काहीही बदललेले नाही, अशी ही द्विविध रचना आहे. प्रेस्टन-वर्नर यांच्या नियमांत ती तंतोतंत बसत नाही. तरीही ज्याला आपला जुना कार्यक्रम पुन्हा बांधून घेण्याचे सामर्थ्य नाही, त्याच्या दृष्टीने हे शून्य फार मोलाचे आहे, आणि दोहोंपैकी मी निःशंकपणे त्याचाच पक्ष घेईन.

या दोन्ही लायब्रऱ्यांची गाठ एकदा प्रत्यक्ष पडली. आयसीयूमध्येही पूर्वी अक्षरजुळणीचा एक विभाग होता, आणि कित्येक कार्यक्रम मराठी मजकूर त्याच्याच करवी मांडून घेत. हार्फबझ प्रौढ झाल्यावर तो विभाग ५४ व्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ मध्ये, निवृत्तीच्या यादीत घातला गेला, आणि २०१६ मधील ५८ व्या आवृत्तीत तो रद्दबातल झाला. दोन वर्षांची मुदत आधी जाहीर करून मग काढून टाकणे हे रीतसरच झाले. पण हार्फबझच्या मंडळींनी त्याहून एक पाऊल पुढे टाकले: बाहेरून आयसीयूच्या जुन्या विभागासारखीच दिसणारी, त्याच नावांची कार्ये पुरविणारी, आणि आतून मात्र सर्व काम हार्फबझकडे सोपविणारी एक लहानशी मध्यस्थ लायब्ररी त्यांनी तयार करून ठेवली. तारेतील वीज बदलली तरी धावता येईल असे जे रेक २००७ पासून मुंबईच्या लोहमार्गांवर आले, त्यांच्याच जातीची ही सोय होय.

वचन लिहून दिले म्हणजे सर्व निभावते असे मात्र नाही, कारण माणसे लिखित वचनापेक्षा अंगवळणी पडलेल्या वहिवाटीवर अधिक विसंबतात. लिनक्सच्या मुळाशी असलेल्या जीलिबसी या लायब्ररीचा एसओनेम १९९७ पासून सहा या आकड्यावर स्थिर आहे. तिच्यात स्मरणातील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नकलून ठेवणारे एक कार्य आहे, आणि त्या दोन जागा एकमेकींवर आलेल्या असता कामा नयेत, अशी अट त्याच्या वर्णनात पहिल्यापासून आहे. ती अट मोडली तरी जुन्या आवृत्तींत बहुधा निभावून जाई. २०१० मध्ये वेग वाढविण्यासाठी त्या कार्याची आतील रीत बदलली, काही यंत्रांवर नक्कल शेवटाकडून आरंभाकडे होऊ लागली, आणि फेडोरा या लिनक्स-प्रणालीच्या चौदाव्या आवृत्तीवर अ‍ॅडोबीच्या फ्लॅश प्लेयरमधून येणारा आवाज खरखरू लागला. कारण त्या कार्यक्रमाने ती अट पाळलेली नव्हती. लायब्ररीचे सांभाळकर्ते म्हणत, आम्ही लिखित करार मोडलेला नाही. आणि लिनक्सचे कर्ते लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे म्हणणे असे की, वापरणाऱ्याला त्या कराराशी कर्तव्य नाही, त्याचे काल चालणारे आज बंद पडले एवढेच त्याला कळते. अखेर २०११ मध्ये जीलिबसीच्या २.१४ या आवृत्तीत तोड निघाली. त्या एका कार्यालाच नवा आवृत्तिक्रमांक देण्यात आला: पूर्वी बांधलेल्या कार्यक्रमांना जुन्या क्रमांकाचे सहनशील कार्य मिळावे, आणि नव्याने बांधल्या जाणाऱ्यांना नवे वेगवान. संपूर्ण लायब्ररीचा आकडा न हलविता तिच्यातील एकेका कार्यास स्वतःचा क्रमांक द्यावा, ही सोय तिच्यापाशी आधीच होती म्हणून हे साधले.

फाँटांच्या बाबतीतही अशीच तोड पूर्वी निघाली होती. देवनागरी फाँटात ‘देवा’ अशी एक चार रोमन अक्षरांची खूण असते, जिच्यावरून लायब्ररीस कळते की हे नियम देवनागरीचे. कालांतराने मायक्रोसॉफ्टने जोडाक्षरांच्या मांडणीची रीत सुधारली. ‘ट्र’ सारख्या अक्षरात खाली जाणारा र फाँटासमोर ठेवताना पूर्वी र आधी व हलन्त नंतर असा उलटा क्रम दिला जाई. नव्या रीतीत साठवणीतलाच क्रम, म्हणजे हलन्त आधी व र नंतर, कायम ठेवला. जुने फाँट या नव्या क्रमाने गोंधळले असते. म्हणून नव्या रीतीच्या फाँटांना ‘देव२’ ही निराळी खूण देण्यात आली, आणि पुढे आणखी एका रीतीसाठी ‘देव३’ ही. हार्फबझ फाँट उघडून प्रथम तिसरी खूण शोधते, ती नसल्यास दुसरी, आणि तीही नसल्यास मूळची. जी सापडेल तिच्याप्रमाणे ती आपले वर्तन बदलते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी कोणी चिकाटीने रेखाटलेला मराठी फाँट आजच्या फोनवरही आपली जोडाक्षरे बिनचूक दाखवितो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही क्रमांकाने सुटलेली नाही, आणि मराठीत नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कचेरीने तिची दखल घेतली पाहिजे. लालबागच्या त्या जुळारीने चौकटीच्या जागी अ आणि चंद्र हे दोन संकेत घातले, ते दिसावयास योग्यच होते. परंतु मानकाने २००८ नंतर या जोडीचा वापर करू नये असे सांगितले आहे, आणि स्थैर्याच्या त्याच धोरणामुळे ही जोडी व ते एकसंध अक्षर एकच आहेत असे मानकास आता कधीही जाहीर करता येणार नाही. दृष्टीस एक, यंत्रास दोन, अशी ही स्थिती कायमची आहे. मतदारयादीत, सभासदांच्या नोंदवहीत, ग्रंथालयाच्या सूचीत किंवा न्यायालयाच्या दफ्तरात कोणी ‘ॲड.’ असे शोधले, तर ‘अॅड.’ असे लिहिलेल्या नोंदी तेथे असूनही सापडणार नाहीत, आणि शोधणाऱ्यास वाटेल की त्या नाहीतच. ‘दुसऱ्या’च्या सात व आठ संकेतांचीही हीच गत आहे. यावर उपाय शोध घेणाऱ्या कार्यक्रमातच करावा लागतो: मजकूर साठविताना, अथवा निदान शोधताना, दोन्ही रूपे एका रूपात आणून मग ताडून पाहावयाची. हे काम काही ओळींचे आहे, मराठी जाणणारा कोणताही होतकरू अभियंता ते एका दुपारी करू शकेल, आणि ज्या कचेरीला आपल्या यादीसाठी ते करून घेतलेले आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तिने आपल्या यादीत आधी एका रूपाने आणि मग दुसऱ्या रूपाने शोध घेऊन दोन्ही वेळच्या नोंदींची संख्या जुळते का ते तपासावे.